हप्ता थांबवण्याआधी : बालप्रकल्पांच्या आर्थिक देखरेखीचा नागपुरातला अनुभव

मुलांच्या प्रकल्पात पैशाबद्दल शंका आली की निधी देणाऱ्याचा हात सगळ्यात आधी पुढच्या हप्त्यावर जातो. हप्ता थांबवणं हे एका ई-मेलचं काम असतं. पण त्याची झळ हिशेब बिघडवणाऱ्याला लागायला दोन-तीन महिने जातात. वीटभट्टीवरच्या मुलांच्या केंद्रातलं जेवण मात्र आठवड्याभरात बंद पडतं. रामटेक, पारशिवनी, कुही, भिवापूर, हिंगणा या तालुक्यांतल्या छोट्या संस्थांबरोबर निधी देणारे म्हणून काम करताना आमची सगळी पद्धत एका गोष्टीभोवती बसत गेली : पैसे थांबवायचे नाहीत, पैशाची वाट बदलायची. त्याची तयारी मात्र पहिला रुपया जाण्याआधीच करून ठेवावी लागते.

सुरुवात कागदांपासून होते. नोंदणी प्रमाणपत्र प्रत्येक संस्थेत फ्रेम करून भिंतीवर लावलेलं असतं, त्यातून फारसं काही कळत नाही. आम्ही मागतो तो परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीतल्या विश्वस्तांच्या नावांचा, ताजा उतारा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. प्रत्यक्षात निवडणूक होते, ठराव होतो आणि अर्ज राहून जातो. मग उताऱ्यावर वारलेले अध्यक्ष, बँकेत जुन्या सचिवांची सही आणि आमच्या करारावर नव्या सचिवांची सही अशी गत होते. उद्या वाद उद्भवला तर करार नेमका कोणाशी झाला हेच ठरत नाही. म्हणून उतारा, बँकेकडचा सह्यांचा नमुना आणि शेवटच्या तीन सभांची इतिवृत्तं शेजारी-शेजारी ठेवून नावं जुळवायची. बदल अर्ज प्रलंबित असेल तर त्याची पोच घ्यायची. तेवढ्यावरून संस्थेला नाकारायचं नाही, कारण गावात मुलांचं चांगलं काम करणाऱ्या कितीतरी संस्था याच कागदावर अडलेल्या असतात.

यानंतरचा प्रश्न असा की एका खरेदीत किती माणसांचे हात लागतात. मागणी करणारा, मंजुरी देणारा, पैसे देणारा आणि माल उतरवून घेणारा असे चार जण वेगळे असावेत, हे पुस्तकातलं उत्तर झालं. चार माणसांच्या संस्थेत या चारही जागी सचिवच असतात. तिथे आम्ही निदान चौथा हात वेगळा करून घेतो : धान्य उतरवताना गावातल्या एका आईने वजन पाहून साठा नोंदवहीत सही करायची. चेकवर दोन सह्या लागतात असं संस्था अभिमानाने सांगते, तेव्हा इंटरनेट बँकिंगबद्दल हमखास विचारावं. बऱ्याचदा पासवर्ड हिशेबनिसाकडे आणि ओटीपी येणारा मोबाईलही त्याच्याच खिशात, म्हणजे दोन सह्यांचा नियम कागदावरच. बँकेत एक जण व्यवहार नोंदवेल आणि दुसरा मंजूर करेल अशी सोय मागता येते. ती सुरू झाल्याचा पुरावा हाती आल्याशिवाय आम्ही पहिला हप्ता सोडत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्था भागीदारांना रोख निधी देताना जी पद्धत वापरतात, ती हॅक्ट या नावाने ओळखली जाते. २००५ मध्ये ती आली, २०१४ मध्ये सुधारली गेली. तिच्यात भागीदाराची जोखीम कमी, मध्यम, लक्षणीय आणि उच्च अशा चार पायऱ्यांत ठरवतात आणि त्यावरून पैसे कसे द्यायचे व भेटी किती करायच्या हे ठरतं. तिच्या लांबलचक प्रश्नावलीपेक्षा हा विचार आम्हाला जास्त उपयोगी पडला. कमी जोखमीच्या संस्थेला तीन महिन्यांचं आगाऊ, मध्यम असेल तर एका महिन्याचं. लक्षणीय असेल तर मोठी खरेदी आम्ही थेट पुरवठादाराला पैसे देऊन करतो आणि किरकोळ खर्चाची संस्थेला बिलांवर प्रतिपूर्ती करतो. उच्च जोखीम निघाली तर धान्य, गॅस, वह्या-पुस्तकं सगळं थेट. मुलांना मिळणारी वस्तू चारही प्रकारांत तीच राहते.

हे सगळं करारात पहिल्या दिवशीच लिहिलेलं हवं. कोणती गोष्ट घडली की कुठल्या वाटेवर जायचं, किती दिवसांत कळवायचं, आणि किती महिने हिशेब नीट आल्यावर परत आधीच्या वाटेवर यायचं. नंतर मध्येच हे सांगितलं की संस्थेला तो अपमान वाटतो, आणि तो वाटणं अगदी साहजिक आहे.

परदेशी देणगीच्या पैशाला यातलं बरंच लागू होत नाही. परदेशी अंशदान नियमन कायद्यात २०२० ची दुरुस्ती झाल्यापासून असा पैसा एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला पुढे देणं बंद झालं आहे आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. त्यामुळे परदेशी निधीचा प्रकल्प आपणच राबवायचा आणि भागीदारांबरोबरची कामं देशी देणगी व कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) निधीतून करायची. दोन्हींची बँक खाती, कीर्द आणि व्हाउचर फायली वेगळ्या हव्यात. ‘दोन दिवसांसाठी इकडून तिकडे फिरवले’ हे कारण परदेशी देणगीच्या खात्यात कधीही ऐकून घेऊ नये, मग रक्कम पाचशे रुपये का असेना.

हप्त्यांची विभागणी वर्षाला चारने भागून करणं ही सर्रास होणारी चूक. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. एप्रिल ते जूनमध्ये शालेय प्रकल्पाचा खर्च नावापुरता असतो, मात्र पैसे खात्यात येऊन पडलेले असतात. पडून असलेला पैसा दुसऱ्या अडचणींना उपयोगी पडतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. उलट वीटभट्ट्या पावसाळा संपल्यावर पेटतात, कुटुंबं दिवाळीनंतर येतात आणि भट्टीवरच्या केंद्राचा खर्च एकदम उसळतो. म्हणून अंदाजपत्रक महिन्यानुसार मांडायचं, आणि आधीच्या हप्त्यातले ८० टक्के खर्ची पडल्याचा हिशेब आला की पुढचा सोडायचा. शेवटचे १० टक्के काम संपल्यावर देण्याची प्रथा आम्ही सोडून दिली. छोट्या संस्थेकडे तेवढी गंगाजळी नसते. मग सचिव घरचे पैसे घालतात किंवा कोणाकडून तरी उचलतात. विश्वस्तांनी संस्थेसाठी कर्ज घ्यायचं तर कलम ३६-अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे सावधगिरी म्हणून ठेवलेली अटच भागीदाराला नियम मोडायला लावते.

आता भेटीबद्दल. यात आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जायलाच हवा.

पोहोचल्यावर पहिलं काम रोकड मोजण्याचं, चहाच्याही आधी. नोटा मूल्यानुसार मोजून कागदावर लिहायच्या, कीर्दीतल्या शिल्लकीशी जुळवायच्या आणि दोघांनी सह्या करायच्या. पेटीत कच्च्या चिठ्ठ्या निघतात : ‘सरांना २,००० दिले’, ‘गाडीसाठी १,५००’. अशा चिठ्ठ्यांची बेरीज शिल्लकीत धरलेली असली तर ती रोकड नव्हे, नोंद न केलेली उचल आहे. आम्ही पेटीची मर्यादा ५,००० ठेवतो. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोखीने दिलं तर आयकराच्या दृष्टीनेही अडचण होते, त्यामुळे तसं व्हाउचर दिसलं की थांबून पाहावं. एकच बिल ९,५०० आणि ४,००० असं दोन तारखांना फोडलेलंही दिसतं.

मग जेवणाचा हिशेब. इथे बिलांपेक्षा गुणाकार जास्त बोलतो. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं प्रमाण आहे. सहावी ते आठवीसाठी ते १५० ग्रॅम, ३० ग्रॅम, ७५ ग्रॅम आणि साडेसात ग्रॅम होतं. केंद्राने आपलं प्रमाण वेगळं ठेवलं तरी चालेल, पण ते लिहून ठेवलेलं हवं. समजा लहान वयाची ८० मुलं आणि महिन्यात २२ दिवस. तांदूळ १७६ किलो, डाळ ३५ किलो २०० ग्रॅम, तेल ८ किलो ८०० ग्रॅम. बिलात डाळ ६० किलो असेल तर उरलेली २५ किलो कोठीत दिसायला पाहिजे. कोठीत जाऊन पोती मोजायची, उघडलेलं पोतं काट्यावर ठेवायचं. डाळ, तांदूळ आणि गॅस तिन्ही वाढले असतील तर मुलं वाढली असतील. एकटीच डाळ वाढली असेल तर प्रश्न विचारायचा. तांदूळ, डाळ, तेल बरोबर ग्रॅमला ग्रॅम जुळले, तरीही विचारायचाच. रोज ८० पैकी ८० मुलं जेवली असं कुठल्याच गावात होत नाही.

हजेरीपट वाचायला स्थानिक दिनमान ठाऊक असावं लागतं. पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी या काळात वर्ग रिकामे होतात. रामटेक-पारशिवनीच्या जंगलालगतच्या गावांत मार्च-एप्रिलमध्ये मुलं पहाटेच घरच्यांबरोबर मोहफुलं वेचायला जातात. त्या आठवड्यात हजेरीपट पूर्ण भरलेला दिसला तर तो एका बैठकीत भरला असण्याची शक्यता धरावी. पान तिरकं धरून पाहिलं की महिनाभराच्या खुणा एकाच पेनाच्या, एकाच दाबाच्या आहेत का ते कळतं.

खरेदीत तीन कोटेशनं जोडलेली असली की तपासणी संपली असं समजणारे लेखापरीक्षक आम्ही पाहिले आहेत. गणवेशाचं कापड गांधीबागेतून, धान्य इतवारीतून, भाजी कळमन्यातून येते, तेव्हा भाव पडताळायला एक फोन किंवा एक चक्कर पुरते. कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक तर फार बोलका असतो. १५ अक्षर-अंकांच्या त्या क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७. तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत त्या व्यापाऱ्याचा पॅन. तीन वेगळ्या नावांच्या दुकानांच्या क्रमांकात मधले दहा एकच निघाले, तर ती तीन दुकानं एकाच मालकाची आहेत आणि स्पर्धा झालेलीच नाही. क्रमांक चालू आहे की रद्द झाला, हे जीएसटीच्या संकेतस्थळावर लगेच दिसतं. याउलट, गावातल्या किराणा दुकानदाराकडे हा क्रमांक नसणं हा दोष मानू नये. वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल तर माल विकणाऱ्याला तो बहुधा लागत नाही. त्याच्या बिलबुकाकडे मात्र पाहावं. जूनमध्ये बिल क्रमांक ४१, जुलैमध्ये ४२, ऑगस्टमध्ये ४३ असेल, तर त्या दुकानाला मधल्या काळात दुसरं गिऱ्हाईकच आलेलं नाही.

पगारपत्रकात आम्ही फेब्रुवारी आधी उघडतो. महाराष्ट्रात व्यवसाय कर दरमहा २०० रुपये कापला जातो, फेब्रुवारीत ३००. फेब्रुवारीतही २०० च दिसले, तर बहुधा ते पत्रक त्या महिन्यात केलेलं नाही, नंतर जानेवारीवरून उतरवलेलं आहे. एकाच कार्यकर्तीचा ६० टक्के पगार आमच्याकडे आणि ६० टक्के दुसऱ्या देणगीदाराकडे लावलेला असतो. म्हणून सगळे देणगीदार आणि सगळे कर्मचारी यांचा एकच तक्ता मागायचा आणि आडवी बेरीज १०० च्या पुढे जाते का ते पाहायचं. सगळ्यात त्रासाचा प्रकार म्हणजे पगार बँकेत जमा करून त्यातला काही भाग रोख परत घेणं. तो पगारपत्रकात कधीच सापडत नाही, देणगी पावतीपुस्तकात सापडतो. दर महिन्याच्या ५-६ तारखेला कर्मचाऱ्यांच्याच नावाने सारख्या रकमेच्या पावत्या फाडलेल्या असतात. पावत्याही नसतील तर कार्यकर्त्यांशी एकेकट्याने, संस्थेच्या इमारतीबाहेर बोलावं लागतं. जे सांगतात त्यांचं नाव अहवालात कधीही येता कामा नये. त्यांची नोकरी त्याच गावात, त्याच माणसांपाशी असते.

दुहेरी निधी, म्हणजे एकच बिल दोन देणगीदारांकडे लावणं, रोखायला एक रबरी शिक्का पुरतो : ‘अमुक प्रकल्पातून अदा’. तो मूळ बिलावर, रकमेच्या आकड्यावरून आडवा मारायचा. कोऱ्या कडेला मारलेला शिक्का झेरॉक्स काढताना सहज झाकता येतो. मुलांच्या बाबतीतही दुहेरी मोजणी होते. राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेतून कुटुंबाला मदत मिळणारं मूल आमच्या शिष्यवृत्तीच्या यादीतही असू शकतं. त्यात गैर काही नाही, कित्येकदा दोन्हींची गरज असते. पण फी आणि दप्तराचा तोच खर्च दोन्हीकडे दाखवलेला नसावा.

लाभार्थी पडताळणीत मुलांनाच प्रश्न विचारत बसणं आम्हाला मान्य नाही. ‘तुला चप्पल मिळाली का, कोणी दिली’ असं परक्या माणसाने विचारलं की मूल घाबरतं किंवा शिकवलेलं उत्तर देतं. यादीतून आपण निवडलेल्या दहा घरी जावं, पालकांशी बोलावं, वस्तू डोळ्यांनी पाहावी. बालगृहातल्या मुलांबाबत तर बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. तरीही औषधाच्या बिलाला मुलाच्या नावाचं, आजाराचं पूर्ण चिठोरं जोडलेलं असतं आणि ती फाईल पाच कार्यालयांतून फिरते. व्हाउचरवर फक्त प्रकरण क्रमांक लिहायचा, नाव व क्रमांकाची जुळवणी संस्थेच्या अधीक्षकांच्या कुलपात ठेवायची. तपासणाऱ्याने ती तिथेच पाहायची, फोटो काढायचा नाही.

भेटीचं पत्र सात दिवसांत जायला हवं. ‘साठा नोंदी अद्ययावत कराव्यात’ या वाक्याने काही होत नाही. ‘१५ तारखेपासून डाळ, तांदूळ, तेल यांची आवक-जावक रोज संध्याकाळी मदतनीस लिहील, महिनाअखेरीस सचिव वजन करून सही करतील’ असं लिहिलं की होतं.

खरी शंका निघाली तर क्रम चुकवू नये. मूळ कागद उचलून न्यायचे नाहीत. तिथेच स्कॅन करायचे, पानांची संख्या लिहून संस्थेची सही घ्यायची. किमान दोघांनी मिळून बसायचं. बँकेचं विवरण संस्थेने दिलेल्या एक्सेल फाईलमधून पाहायचं नाही, संस्थेच्या पत्रावर थेट बँकेकडून मागवायचं. ज्यांचा पैसा आहे त्या देणगीदाराला करारातल्या मुदतीत कळवायचं, तपास पूर्ण होण्याची वाट पाहत बसायचं नाही. आणि त्याच दिवशी पैशाची वाट बदलायची. दुकानदाराला आमच्या खात्यातून पैसे, माल केंद्रावर, उतरवून घेतल्याची पोच दोन दिवसांत. यात टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर कापून भरण्याची जबाबदारी लागू असेल तिथे आपल्यावर येते, ती विसरली जाते. पहिल्या महिन्यात माल एखादा दिवस उशिरा पोहोचतो, म्हणून आठवड्याभराचं धान्य केंद्रावर शिल्लक राहील असाच साठा ठेवलेला बरा. कार्यकर्त्यांचे पगार मात्र आपण थेट देऊ नयेत. तसं केलं की नोकरी कोणाची, भविष्य निर्वाह निधी कोणी भरायचा असे प्रश्न उभे राहतात. पगार संस्थेनेच द्यावा, बँकेत जमा झाल्याचं दिसलं की त्याच आठवड्यात प्रतिपूर्ती करावी.

मार्चमध्ये वेगळीच घाई. कंपनीचा सीएसआर निधी असेल तर तो ठरल्या कामासाठी वापरला गेल्याचं कंपनीच्या वित्तप्रमुखाला प्रमाणित करावं लागतं, आणि चालू प्रकल्पातली न वापरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत कंपनीच्या स्वतंत्र खात्यात जमा करावी लागते. ही सोय आहे हे भागीदाराला माहीत नसतं, म्हणून तो ‘पैसे परत जातील’ या धास्तीने नागपूरच्या मार्चमध्ये ब्लँकेटं खरेदी करतो. जानेवारीतच बसून उरलेला खर्च महिन्यांत मांडावा आणि शिल्लक राहणार असेल तर कंपनीला फेब्रुवारीतच लेखी कळवावं. प्रकल्प बहुवर्षीय म्हणून मंजूर असेल तर ती रक्कम पुढच्या तीन आर्थिक वर्षांत त्याच कामाला वापरता येते.

एवढं सगळं कोण करणार, हा प्रश्न भागीदार विचारतात आणि तो रास्त आहे. हिशेबनिसाच्या पगाराला निधी द्यायचा नाही आणि दर तिमाहीला बारा तक्ते मागायचे, हे आपण निधी देणारेच करतो. आम्ही आता जवळपासच्या तीन संस्थांना मिळून एक हिशेबनीस देतो. पगार तिन्ही प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात कामाच्या दिवसांप्रमाणे विभागलेला, आठवड्यात प्रत्येकीकडे दोन वार ठरलेले. त्या दोन वारी त्याने व्हाउचर टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीत चढवायची, शिक्के मारायचे, रोकड मोजायची. महिन्याच्या ७ तारखेआधी बँकेचा ताळमेळ सचिवांच्या सहीने पूर्ण व्हायला हवा. पैसे देण्याचा पासवर्ड मात्र त्याच्याकडे राहत नाही. त्याच्या रजेच्या काळात कीर्द कोण लिहील, तेही नेमणूकपत्रात नावानिशी लिहिलेलं असतं.